नौगावचा गांजा : एका गावरान वाणाची हकिगत

'सिन्सेमिया' हा शब्द ऐकलाय? स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'बिनबियांचा'. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या गांजा पिकवणाऱ्या मंडळींनी हा शब्द जगभर नेला. युक्ती सोपी आहे. नर झाडं वेळेत उपटून टाकायची, म्हणजे मादी झाडांचं परागीकरण होत नाही. मग झाड बी धरत नाही आणि सगळी ताकद फुलांच्या चिकट राळेत घालतं. तिकडच्या लोकांना वाटतं की हा त्यांचाच शोध!

आता गंमत बघा. त्याच्या शंभर वर्षं आधी बंगालमध्ये हेच काम करणारा पगारी तज्ज्ञ होता. त्याला म्हणायचे पोद्दार किंवा पारखदार. शेतात शिरायचा, एकेक झाड निरखायचा आणि फुलं उमलायच्या आतच नर कोणता ते ओळखून उपटायचा. इंग्रज अधिकारी आपल्या कागदपत्रांत त्याला चक्क 'गांजा डॉक्टर' म्हणत.

तर आजचा विषय आहे ह्या पारखदाराचं गाव नौगाव आणि तिथला गावरान गांजा. (सुरुवातीलाच सांगून ठेवतो : आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. हा लेख इतिहासाबद्दल आहे, कुंडीत प्रयोग करण्याबद्दल नाही!)

गावरान म्हणजे नक्की काय?

गावरान वांगी, गावरान ज्वारी आपण रोज म्हणतो. पण गावरान वाण म्हणजे प्रयोगशाळेत तयार झालेलं एकसारखं बियाणं नव्हे. एका शेतातली दोन झाडंही तंतोतंत सारखी नसतात. तिथली माती, तिथला पाऊस आणि पिढ्यान् पिढ्या 'ह्याचं बी ठेवू, त्याचं नको' असं ठरवणारे शेतकऱ्यांचे हात ह्यांतून ती जमात घडलेली असते. आमच्या भाषेत सांगायचं तर हा असा कोड आहे ज्याला लेखक नाही, व्हर्जन नंबर नाही, आणि तो रोज चालू ठेवला तरच जिवंत राहतो.

गांजाच्या बाबतीत दोन गोष्टी जास्तीच्या. एक, हे झाड लहान दिवसांचं आहे. म्हणजे रात्र पुरेशी लांबली की मगच फुलायला लागतं. हिमालयात थंडी लवकर येते, त्यामुळे तिथले वाण शरद ऋतूतच उरकून घेतात. बंगालच्या सपाट प्रदेशात तसली घाई नाही, तिथलं पीक थेट फेब्रुवारीपर्यंत शेतात उभं राहू शकतं. त्यामुळे एका जागेचं बी दुसरीकडे नेलं की त्याचं घड्याळ चुकतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ह्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि परागकण वाऱ्यावर लांबवर जातात. म्हणजे तुम्ही तुमच्या शेतातले सगळे नर काढलेत आणि शेजाऱ्याने आळस केला, तर तुमचं पीक गेलंच. एकट्या शेतकऱ्याच्या हुशारीवर असला वाण टिकत नाही. अख्ख्या पंचक्रोशीने शिस्त पाळावी लागते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गांजा महाल

नौगाव आज बांगलादेशात आहे, राजशाहीच्या उत्तरेला. (आसामातलं नगाव वेगळं.) इंग्रजांच्या काळात बंगालमध्ये परवान्याने गांजा पिकवायची परवानगी फक्त इथेच होती. राजशाही, दिनाजपूर आणि बोगरा ह्या तीन जिल्ह्यांच्या सीमेवरच्या ह्या पट्ट्याला म्हणायचे 'गांजा महाल'. नावात महाल असला तरी वाडा-बिडा काही नव्हता, महसुली शब्द आहे तो.

वर्षाचं गणित साधारण असं : पावसाळ्यात रोपं टाकायची, सप्टेंबरच्या सुमारास उंचवट्याच्या, निचऱ्याच्या जमिनीत वरंब्यांवर लावायची. शेणखत आणि पेंड भरपूर. नोव्हेंबरात खालच्या फांद्या छाटायच्या आणि पारखदाराला बोलवायचं. तो एकदा फिरून गेला की पुन्हा फेऱ्या, कारण सगळे नर एकाच दिवशी ओळखू येत नाहीत. पण सगळेच नर काढले तर पुढच्या वर्षीचं बी कुठून आणणार? म्हणजे कुठेतरी नर राहायलाच हवा, पण जिथे राहायला नको तिथे राहता कामा नये. हे सगळं मायक्रोस्कोप नसताना!

हिवाळ्याच्या शेवटी कापणी. मग माल 'चातर' नावाच्या मोकळ्या आवारात यायचा. आपल्या खळ्यासारखंच, फक्त इथे अबकारी खात्याचा पहारा. माणसं पायांनी तुडवून शेंडे दाबायची, त्याचा व्हायचा 'चपटा' गांजा. वळून केलेला तो 'गोल'. तुटून खाली पडलेला चुरा तो 'चूर'. तीन प्रकार, तीन वेगळे दर. मग वजन, नोंद, सरकारी कोठार, आणि कर भरल्याशिवाय एक काडीही बाहेर नाही.

आता मघाचा मुद्दा आठवा. सरकारला कर हवा होता म्हणून शेती एका पट्ट्यात कोंडली. पण त्या कुंपणाचा एक परिणाम कोणी ठरवून केला नव्हता : सगळा पट्टा एकाच पद्धतीने, एकाच शिस्तीत पिकवत राहिला. परागकणांपासून वाण जपायला जी सामूहिक शिस्त लागते ती परवान्याने आपोआप दिली.

अहवाल आणि एक गंमतशीर रकाना

१८७७ मध्ये हेमचंद्र केर ह्या बंगाली अधिकाऱ्याने ह्या शेतीवर आणि व्यापारावर तपशीलवार अहवाल लिहिला. मग १८९३ मध्ये गांजाचे लोकांवर काय परिणाम होतात असा प्रश्न ब्रिटिश संसदेत निघाला आणि सरकारने आयोग नेमला : इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. सात सदस्य, त्यातले तीन हिंदी. ११९३ साक्षीदार. १८९४ चा अहवाल तीन हजार पानांच्या वर. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तो स्कॅन करून ठेवलाय, एखाद्या विकांताला चाळा. आपल्याकडच्या अहमदनगरची (आजचं अहिल्यानगर) आणि खांडव्याची गांजाशेतीही त्यात नोंदलेली आहे.

त्यातला मला सर्वात आवडलेला भाग वेड्यांच्या इस्पितळांचा. रुग्णाच्या फॉर्मवर 'वेडाचं कारण' असा रकाना असायचा. तो भरायचा कोणी, तर बऱ्याचदा पोलिसांनी. खरं कारण माहीत नसलं आणि माणूस कधीतरी चिलीम ओढत होता असं कळलं, की लिहा 'गांजा'. मॅन्डेटरी फील्ड आणि आळशी युजर, दुसरं काय! आयोगाने १८९२ साली दाखल झालेले रुग्ण पुन्हा तपासले. १३४४ पैकी २२२ गांजाच्या नावावर होते, तपासणीनंतर उरले ९८, आणि त्यातल्याही काहींत दुसरी कारणं मिसळलेली. निष्कर्ष : अति सेवन घातक, माफक सेवनाचे वाईट परिणाम फारसे दिसत नाहीत, सरसकट बंदी नको, कर आणि परवाने ठेवा. (सरकारी तिजोरीलाही हे सोयीचं होतं, हेही खरंच.)

१९१७ मध्ये नौगावच्या शेतकऱ्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढली. दलाल बाजूला झाले, आणि नफ्यातून गावात शाळा, दवाखाने उभे राहिले. आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या कितीतरी आधी!

मग शेवट

१९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात गांजाचा औषधाशिवायचा वापर थांबवायला २५ वर्षांची मुदत ठेवली होती. करार लागू झाला डिसेंबर १९६४ मध्ये, म्हणजे मुदत १९८९ ची. भारताने १९८५ मध्ये कायदा केला. बांगलादेशात १९८७ मध्ये शेती बंद झाली, १९८९ मध्ये विक्री. तारखा बघा, डेडलाइनला धरूनच.

बंदी बरोबर की चूक ह्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. व्यसनाने घरं बुडालेली कोणी पाहिली असतील तर त्यांचं म्हणणं हलकं नाही. पण बंदीची चर्चा नेहमी पिणाऱ्याभोवती फिरते. पिकवणाऱ्याकडे काय होतं हे कोणी विचारत नाही. ज्या कुंपणाने वाण जपला तेच काढून घेतलं, तेव्हा आत काय होतं ह्याची यादी करायची कोणाला गरज वाटली नाही. गांजाचं बी घरच्या डब्यात काही वर्षंच टिकतं. पारखदाराची नजर तर एका पिढीपुरतीच, शिकायला शेत नसेल तर ती शिकवणार कशी?

आणि ह्याची किंमत आज कळते. उत्तराखंडने २०१८ मध्ये धाग्यासाठी भांगेच्या शेतीचे परवाने द्यायला सुरुवात केली. अट : टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, ०.३ टक्क्यांच्या आत. ह्या अटीत बसणारं बियाणं कुठून आणायचं हा पहिला प्रश्न, कारण डोंगरातल्या गावरान झाडांना ही रेघ कोणी आखून दिलेली नव्हती. २०२१ मध्ये ११० जनुकसंचांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या मते ह्या वनस्पतीचा खराखुरा रानटी पूर्वज बहुधा आता उरलेलाच नाही. जे रानात उगवलेलं दिसतं तेही कधीकाळी शेतातून निसटलेलं. म्हणजे मूळ आवृत्ती गेली, आणि जे वैविध्य शिल्लक आहे ते बऱ्याच अंशी अशा गावरान वाणांतच आहे.

नौगावच्या बाबतीत आपल्याकडे काय आहे? केरचा अहवाल आहे, आयोगाची हजारो पानं आहेत. किती अंतरावर लावायचं, कधी छाटायचं, कसं तुडवायचं, सगळं लिहिलेलं. डॉक्युमेंटेशन इतकं सुंदर क्वचितच बघायला मिळतं. फक्त ज्याबद्दल ते लिहिलंय ते आता शेतात नाही.

पुढच्या वेळी बाजारात कोणी म्हातारी 'हे आमचं घरचं बी' म्हणून तूर किंवा घेवडा विकताना दिसली, तर भाव करायच्या आधी हे आठवा. तिच्याबद्दल कोणी तीन हजार पानं लिहिलेली नाहीत.