प्लास्टिकच्या जहाजातले खरे-खोटे

१९५२ साली इंग्लंडमधील वूलवर्थ या दुकानसाखळीत दोन शिलिंगांना एक लहानशी पिशवी विक्रीस आली. पिशवीत प्लास्टिकचे सुटे भाग होते आणि तोंडाशी दुमडलेल्या कागदावर ते कसे जोडायचे याची माहिती छापलेली होती. भाग जोडले, की सर फ्रान्सिस ड्रेक यांचे 'गोल्डन हाइंड' हे जहाज तयार होई. १५७७ ते १५८० या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेले हे जहाज आता शाळकरी मुलाच्या टेबलावर उभे राहू शकत होते. ते विकणाऱ्या 'एअरफिक्स' कंपनीची स्थापना हंगेरीहून आलेले उद्योजक निकोलस कोव्ह यांनी १९३९ मध्ये केली होती. आधी हवा भरायची खेळणी आणि नंतर कंगवे बनविणाऱ्या या कंपनीला जहाजाने नवा धंदा मिळवून दिला.

जहाजांच्या प्रतिकृती करण्याची कला अर्थातच त्याहून कितीतरी जुनी आहे. पण लाकडातून जहाज घडवायचे तर हाती सुतारकाम हवे, नकाशे वाचता यायला हवेत आणि अनेक वर्षांची सवड हवी. प्लास्टिकने यातील पहिली अट काढून टाकली. जहाजाच्या बाजूचा बाक, फळ्यांमधील रेघा, तोफांच्या खिडक्या, मागच्या भागावरील नक्षी हे सारे साच्यातूनच तयार मिळू लागले. सवडीची अट मात्र आजही कायम आहे. नकाशे वाचण्याची अट सुटल्यासारखी वाटते, पण ती सुटत नाही. या छंदातील खरी मेख तिथेच आहे.

साचा महाग, जहाज स्वस्त

अशा जहाजासाठी पॉलिस्टायरीन हे प्लास्टिक वापरतात. ते वितळवून मोठ्या दाबाने पोलादी साच्यात भरले जाते. थंड झाल्यावर सारे भाग एका चौकटीला चिकटलेले असे बाहेर पडतात. एका किटमागे लागणारे प्लास्टिक किरकोळ किमतीचे असते. सारा खर्च साच्याचा असतो. म्हणूनच कंपनीचा कल एका साच्यातून शक्य तितके पैसे काढण्याकडे असतो आणि इतिहासाची ओढाताण तेथूनच सुरू होते.

सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेच्या 'रेव्हेल' कंपनीचे आहे. तिने १९५६ मध्ये 'बाउंटी' या जहाजाचे किट काढले. याच जहाजावर १७८९ मध्ये खलाशांनी बंड करून कप्तान ब्लाय यांना लहान होडीत सोडून दिले होते. काही वर्षांनी रेव्हेलने चार्ल्स डार्विन यांचे 'बीगल' बाजारात आणले. दोन्ही जहाजांची लांबी नव्वद फुटांच्या आसपास, त्यामुळे कंपनीने 'बाउंटी'च्याच साच्यात फेरफार केले. प्रत्यक्षात 'बाउंटी' हे मुळात कोळसा वाहण्यासाठी बांधलेले पोटाळ व्यापारी जहाज होते, तर 'बीगल' हे १८२० मध्ये पाण्यात उतरलेले आरमारी जहाज. डार्विन यांच्या पाच वर्षांच्या प्रवासाचे स्मरण म्हणून अनेकांनी कपाटावर ठेवलेले हे 'बीगल' म्हणजे वेशांतर केलेले 'बाउंटी'च होय.

त्याहून गमतीची गोष्ट 'किअरसार्ज' आणि 'अलाबामा' यांची. अमेरिकी यादवी युद्धात १९ जून १८६४ रोजी फ्रान्सच्या शेरबूर बंदराबाहेर शिडे आणि वाफेचे यंत्र या दोन्हींवर चालणाऱ्या या युद्धनौकांची झुंज झाली आणि 'अलाबामा' बुडाली. रेव्हेलने एकमेकींच्या या वैरिणींना एकच धड दिले. खरी 'अलाबामा' सुमारे २२० फूट लांब, तर 'किअरसार्ज' २०१ फुटांची. १:९६ या प्रमाणात हा फरक सहा सेंटिमीटरचा होतो. चहाच्या शर्यतीतील 'कटी सार्क' आणि तिची प्रतिस्पर्धी 'थर्मोपिली' यांच्याही वाट्याला रेव्हेलकडून एकच साचा आला. या दोघींनी १८७२ मध्ये शांघायहून लंडनकडे एकाच वेळी कूच केले होते. वाटेत सुकाणू तुटल्याने 'कटी सार्क' आठवडाभर मागे पडली. किटच्या दुनियेत मात्र दोघी बरोबरीने पोहोचल्या.

यात कंपन्यांना केवळ दोष देणे बरे नव्हे. 'कटी सार्क'चे मूळ किट १९५९ मधील असून १:९६ प्रमाणातील ते सुमारे तीन फुटी जहाज आजही उत्तम मानले जाते. प्रश्न इतकाच, की खोक्यावरील नाव आणि आतील जहाज एकच आहे का, हे ग्राहकाने स्वतः तपासायला हवे.

फ्रान्सच्या 'हेलर' कंपनीचे 'सोलेई रोयाल' हे वेगळ्या प्रकारचे उदाहरण आहे. चौदाव्या लुईच्या आरमारातील हे जहाज १६९२ मध्ये शेरबूरपाशी जळाले. हेलरने १:१०० प्रमाणात काढलेल्या किटवरील कोरीव काम पाहून जाणकारही थक्क होतात. पण कंपनीने आधार घेतला तो एकोणिसाव्या शतकात तानरों यांनी घडविलेल्या, पॅरिसच्या नौकासंग्रहालयातील प्रतिकृतीचा. परिणामी पाण्याखालचा भाग नको इतका सपाट झाला आहे, ही अभ्यासकांची जुनी तक्रार आहे. म्हणजे एका प्रतिकृतीची ही दुसरी प्रतिकृती. काही हौशी मंडळी तळच कापून टाकतात आणि जहाज पाण्यावर तरंगत असल्याचे दाखवितात. हा उपाय सोपाही आहे आणि प्रामाणिकही.

रंग कोणता खरा?

चूक प्रत्येक वेळी कंपनीचीच असते असे नाही. काही वेळा इतिहासच बदलतो. स्वीडनचे 'वासा' हे जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीवर, स्टॉकहोम बंदरातच बुडाले. २४ एप्रिल १९६१ रोजी ते वर काढण्यात आले. त्यानंतर बराच काळ या जहाजाची पार्श्वभूमी निळी आणि मूर्ती सोनेरी होत्या असे मानले जाई. पुढे लाकडावरील रंगकणांची तपासणी झाली, तेव्हा पार्श्वभूमी लाल असल्याचे आणि शेकडो मूर्ती नाना भडक रंगांत रंगविलेल्या असल्याचे दिसून आले. पूर्वी निळ्या रंगाने आपली 'वासा' सजविणाऱ्याने निष्काळजीपणा केला नव्हता. त्याने त्या काळचे ज्ञान रंगविले होते.

नेल्सनच्या 'व्हिक्टरी'चेही तसेच झाले. १७६५ मध्ये पाण्यात उतरलेले हे १०४ तोफांचे जहाज २१ ऑक्टोबर १८०५ च्या ट्रॅफल्गारच्या लढाईमुळे अमर झाले आणि १९२२ पासून ते पोर्ट्समथच्या सुक्या गोदीत आहे. काळ्या आणि पिवळ्या पट्ट्यांचे त्याचे रूप जगभर ओळखीचे आहे. पण रंगाच्या थरांचा अभ्यास केल्यावर ट्रॅफल्गारच्या वेळचा पिवळा हा भडक नसून फिकट, गुलाबीकडे झुकणारा होता, असा निष्कर्ष निघाला आणि २०१५ मध्ये मूळ जहाजच त्या छटेत रंगविण्यात आले. जुन्या किटसोबतच्या रंगपत्रिका मात्र पिवळ्याच सांगतात. त्यामुळे 'व्हिक्टरी' बांधायला घेणाऱ्याला आधी एक निर्णय करावा लागतो. जहाज १८०५ चे करायचे, की ज्या रूपात ते पिढ्यान्‌पिढ्या पाहिले गेले त्या रूपाचे? दोन्ही योग्य आहेत. फक्त कोणते केले हे खालच्या पट्टीवर लिहावे.

अशा निर्णयांसाठी पुस्तके लागतात. सी. नेपियन लाँगरिज यांचे 'द अॅनाटॉमी ऑफ नेल्सन्स शिप्स' हे १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक 'व्हिक्टरी' करणाऱ्यांच्या टेबलावर आजही असते. किटमधील माहितीपत्रक भाग कुठे चिकटवायचा ते सांगते, तो भाग कशासाठी होता ते अशा पुस्तकातून कळते.

दोऱ्यांची परीक्षा

धड जोडणे, डेक बसविणे, तोफा लावणे ही कामे काही आठवड्यांत उरकतात. प्लास्टिकसाठीचा गोंद हा खरे तर गोंद नसून विद्रावक असतो. तो दोन्ही कडा किंचित विरघळवून त्यांचा एकजीव सांधा करतो. त्याची वाफ चांगली नसते, म्हणून खिडकी उघडी ठेवूनच काम करावे. गोंद रंगावर नीट धरत नसल्यामुळे आधी रंगविलेल्या कडा खरवडून घ्याव्या लागतात. डेकचे लाकूड दाखविण्यासाठी आधी फिकट तपकिरी रंग देऊन वाळू देतात आणि त्यावर गडद तैलरंगाचा पातळ हात फिरवून लगेच पुसून घेतात. रंग रेघांमध्ये राहतो आणि फळ्या दिसू लागतात.

खरी परीक्षा पुढेच असते. 'व्हिक्टरी'वर सुमारे २६ मैल, म्हणजे ४२ किलोमीटर दोर होता असे सांगितले जाते. १:१०० या प्रमाणात त्याची लांबी ४२० मीटर भरते. प्रत्यक्षात इतका दोरा कोणी वापरत नाही, पण दोन हजारांहून अधिक भाग असलेले हेलरचे 'व्हिक्टरी' करणाऱ्याला या कामाचा आवाका त्यावरून कळावा. अनेक किट याच टप्प्यावर थांबतात आणि खोक्यात परत जातात.

दोर दोन प्रकारचे असतात. डोलकाठ्यांना आधार देणारे स्थिर दोर डांबर लावलेले, म्हणून काळपट, तर शिडे आणि आडव्या काठ्या हलविणारे चालते दोर फिकट. एवढा एक भेद पाळला, तरी प्रतिकृतीला जिवंतपणा येतो. जाडीही प्रमाणात हवी. १:१०० मध्ये पंधरा सेंटिमीटर जाडीचा दोर दीड मिलिमीटरचा होतो आणि अडीच सेंटिमीटरचा दोर पाव मिलिमीटरचा. सगळीकडे एकच दोरा वापरला, की जहाज कपडे वाळत घालायच्या दोरीसारखे दिसू लागते. सुरुवात आतून बाहेर आणि खालून वर करावी, अन्यथा नंतर हातच आत जात नाही.

येथे प्लास्टिकचा कमकुवतपणा उघड होतो. दोरा ताणला, की बारीक डोलकाठ्या आणि आडव्या काठ्या वाकतात. त्यामुळे अनुभवी लोक पोकळ डोलकाठीत धातूची सळई घालतात किंवा वरच्या काठ्या पितळी तारेच्या वा लाकडाच्या करतात. खलाशी ज्यावरून वर चढत त्या दोरशिड्या काही किटमध्ये तयार मिळतात. त्या सोयीच्या असल्या तरी जाड आणि खेळण्यासारख्या दिसतात. एकेक पायरी गाठ मारून बांधायची म्हटले, तर मोठ्या जहाजाला हजारो गाठी पडतात. किटसोबत येणारी साच्यात दाबलेली प्लास्टिकची शिडेही बहुतेक जण बाजूला ठेवतात. ती पुठ्ठ्यासारखी दिसतात. त्याऐवजी पातळ कागदाची गुंडाळलेली शिडे करावीत किंवा काठ्या मोकळ्याच ठेवाव्यात.

मुंबई-कोकणच्या हवेत आणखी एक काळजी घ्यावी लागते. सुती दोरा पावसाळ्यात ओलावा पिऊन आकसतो आणि हवा कोरडी झाली की सैल पडतो. जूनमध्ये ताठ दिसणारे दोर जानेवारीत लोंबू लागतात. पॉलिएस्टरच्या दोऱ्याला हा त्रास फारसा नाही. कोणताही दोरा मधमाशांच्या मेणावरून ओढून घेतला, की त्याचे तंतू बसतात आणि त्यावर धूळही कमी धरते.

एक मुंबईकर धागा

प्रसिद्ध किटच्या यादीत ब्रिटिश, फ्रेंच, स्पॅनिश आणि अमेरिकी जहाजांचाच भरणा आहे. कंपन्या जहाज निवडतात ते गाजलेल्या प्रसंगावरून. त्यामुळे मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलेले 'त्रिंकोमाली' मागे पडले. नेपोलियनची युद्धे आधीच संपली होती आणि त्याच्या नावावर मोठी लढाई लागली नाही. ते आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले असून, तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांत सर्वांत जुने आहे.

या जहाजाचा एक धागा मात्र किटच्या यादीपर्यंत पोहोचतो. 'त्रिंकोमाली'चे नकाशे इंग्लंडहून 'जावा' या युद्धनौकेवरून मुंबईला निघाले होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ 'जावा'ची गाठ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'शी पडली आणि तीत 'जावा'चा निकाल लागला. नकाशे दुसऱ्यांदा पाठवावे लागले. मुंबईला नेमणूक झालेले जनरल हिस्लॉप 'जावा'वरच होते व कैद झाले. पुढे सुटका होऊन हिंदुस्थानात आलेल्या याच हिस्लॉप यांनी डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूर येथे होळकरांच्या सैन्याचा पराभव केला. मुंबईच्या जहाजाचे काम लांबविणारी ती 'कॉन्स्टिट्यूशन' आज बॉस्टनमध्ये आहे. रेव्हेलने १९६५ मध्ये काढलेली तिची १:९६ प्रमाणातील तीन फुटी प्रतिकृती शिडाच्या जहाजांची आवड असणाऱ्यांत घरोघर ओळखीची आहे.

नवशिक्याने मात्र एकदम 'कॉन्स्टिट्यूशन' वा 'व्हिक्टरी'ला हात घालू नये. एक किंवा दोन डोलकाठ्यांचे लहान जहाज घ्यावे, त्याचे दोरकाम पुरते करावे आणि मगच मोठ्या खोक्याकडे वळावे. जुन्या साच्यातील भागांच्या कडांना जादा प्लास्टिकची पापुद्र्यासारखी झालर असते, ती धारदार पात्याने काढून टाकावी. जहाज पुरे झाले, की ते काचेच्या पेटीत ठेवण्यास पर्याय नाही. गाठींमध्ये बसलेली धूळ पुसता येत नाही आणि मऊ कुंचल्यानेही एखादा दोर तुटतोच. पेटीचे माप आधीच काढून ठेवावे. एक मीटर लांबीच्या 'व्हिक्टरी'ला जागा कुठे द्यायची, हा प्रश्न शहरातील घरात गोंदाची पहिली नळी उघडण्यापूर्वीच सुटलेला बरा.