इंग्रजी शब्दांचें कुलशील

'नाइट' म्हणजे मानकरी वीर आणि 'नेव्ह' म्हणजे लबाड माणूस, हें इंग्रजी शिकणाऱ्या कोणाही विद्यार्थ्यास ठाऊक असतें. परंतु सुमारें एक हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत या दोन्ही शब्दांचा अर्थ जवळजवळ एकच होता. मुलगा आणि त्यावरून कोणाच्या पदरीं राबणारा मुलगा, म्हणजे मराठींतला 'पोऱ्या', असा तो अर्थ होय. पुढें यांपैकीं एका पोऱ्यानें धन्याबरोबर लढाईस जाऊन घोडा, जमीन आणि किताब मिळविला; त्याचें नांव 'नाइट'. दुसरा घरकामासच राहिला आणि तेराव्या शतकापर्यंत त्याच्या नांवास लुच्चेगिरीचा डाग लागला. पत्त्यांच्या डावांत मात्र 'नेव्ह'चा जुना अर्थ टिकून राहिला आहे. राजाराणीखालच्या त्या पानास मराठींत 'गुलाम' म्हणतात, तें उगीच नव्हे.

याहून विलक्षण कथा 'व्हिलन' या शब्दाची आहे. १०६६ सालीं नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम यानें इंग्लंड जिंकलें आणि राज्यकर्त्यांबरोबर फ्रेंच भाषाही तेथें आली. लॅटिनमध्यें 'व्हिला' म्हणजे शेतवाडी. तेव्हां 'व्हिलन' म्हणजे वाडीवरचा माणूस, सरदाराच्या जमिनीशीं बांधलेलें कूळ. धन्याच्या परवानगीवांचून त्याला गांव सोडतां येत नसे. विल्यमच्या आज्ञेनें १०८६ सालीं देशाची जी पाहणी झाली, ती 'डूम्सडे बुक' या नांवानें प्रसिद्ध आहे. तींत लोकसंख्येचा सर्वांत मोठा वर्ग याच कुळांचा दिसतो. त्यांचा गुन्हा कोणता? कांहीं नाहीं. पण ज्याचें कुळ हलकें त्याचें मनही हलकें, अशी वाड्यांतल्या लोकांची समजूत होती. शेतकऱ्याच्या नांवाचा अर्थ प्रथम अडाणी, मग नीच आणि शेवटीं दुष्ट असा झाला. आज मराठी नाटक-सिनेमांतल्या खलनायकासही 'व्हिलन' म्हणतात. मराठीनें 'गांव' या शब्दावरून 'गांवढळ' हा शब्द केला, त्यामागेंही अशीच नजर आहे.

वर चढलेल्या शब्दांची उत्पत्ति पाहावी, तर ती थेट स्वयंपाकघरांत सांपडते. 'लॉर्ड' हा शब्द प्राचीन इंग्रजींत 'पावाचा राखणदार' अशा अर्थाचा जोडशब्द होता आणि 'लेडी' म्हणजे 'पावाची कणीक मळणारी'. केंटचा राजा एथेलबर्ट याच्या कायद्यांत आश्रित माणसास 'पाव खाणारा' असें म्हटलें आहे. मोठेपण म्हणजे चार माणसांच्या पोटाची जबाबदारी, ही कल्पना या शब्दांच्या मुळाशीं होती. कालांतरानें कणीक मळण्याचें काम स्वयंपाकिणीकडे गेलें; नांव तेवढें बाईसाहेबांकडे राहिलें!

शब्दांचा असा वृत्तांत सनावार मांडण्याचें श्रेय ऑक्सफर्डच्या महाकोशास आहे. जेम्स मरे या शाळामास्तरानें १८७९ सालीं त्याचें संपादकत्व पत्करलें. शेंकडों वाचकांनीं जुन्या ग्रंथांतून वाक्यें चिठ्ठ्यांवर उतरून पाठविलीं आणि कोणत्या काळीं कोणता अर्थ रूढ होता हें त्यांवरून ठरविण्यांत आलें. पहिला भाग १८८४ मध्यें निघाला. १९१५ मध्यें मरे वारला आणि कोश पुरा झाला तो १९२८ मध्यें.

या कोशाची शिकवण अशी कीं, शब्दाचें मूळ म्हणजेच त्याचा खरा अर्थ, असें धरूं नये. आज 'लेडी'चा अर्थ कणीक मळणारी असा कोणी करूं लागला, तर तें हास्यास्पद होईल. परंतु मूळ आणि आजचा अर्थ यांमधलें अंतर कोणीं तोडलें, हें पाहण्यासारखें असतें. 'नाइट'चा गौरव लिहिण्यास भाट होते, दरबार होते. शेतावरच्या कुळास लिहितां येत नव्हतें. आपल्या नांवाची शिवी होत असतां त्यास आपली बाजू मांडतां आली नाहीं. त्या खटल्यांत फिर्यादी, न्यायाधीश आणि लेखक हे एकाच वाड्यांतले होते. आरोपी मात्र त्या वेळीं शेतांत नांगर धरून होता आणि वाड्यांतला पाव त्याच्याच धान्याचा होता.