तहान, पाणी आणि एक गोळी

मंडळी, आज आपण ज्या गोळीबद्दल बोलणार आहोत, तिची जन्मकथाच बहुतेकांनी चुकीची ऐकलेली असते. जर्मनीतल्या मर्क कंपनीने १९१२ साली भूक मारणारे औषध म्हणून ती बनवली, असे पुस्तकांतसुद्धा छापलेले सापडते. तसे नव्हते. कंपनीच्या दप्तरातली जुनी कागदपत्रे संशोधकांनी तपासली आणि २००६ मध्ये त्यावर निबंध लिहिला. मर्कला हवे होते रक्तस्राव थांबवणारे औषध. त्याच्या वाटेवरचा एक मधला पदार्थ म्हणून एमडीएमए पेटंटात नोंदले गेले, बस्स. अर्जाची तारीख २४ डिसेंबर १९१२. पुढे कित्येक वर्षे त्याच्याकडे फारसे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

मधला भाग आपण भराभर ओलांडू. १९७८ मध्ये अमेरिकेत अलेक्झांडर शुल्गिन आणि डेव्हिड निकोल्स यांनी माणसावरच्या परिणामांबद्दल लिहिले, काही मानसोपचारतज्ज्ञांनी ते वापरले, टेक्सासच्या क्लबांत ते उघड विकले जाऊ लागले आणि १९८५ मध्ये तिथे त्यावर बंदी आली. आपल्याकडचा एनडीपीएस कायदाही १९८५ चाच, पण तो योगायोग.

आपल्याला थांबायचे आहे ते इंग्लंडमध्ये. तिथे हे द्रव्य १९७७ पासूनच बेकायदा होते. तरी १९८८ च्या उन्हाळ्यात मँचेस्टरच्या हासिएंडासारख्या क्लबांत त्याची लाट आली. बंद हॉल, खच्चून गर्दी, तासन्‌तास नाच. आता ही गोळी शरीरात करते काय? मेंदूतले सेरोटोनिन एकदम मोकळे सोडते. म्हणून शेजारचा अनोळखी माणूसही सख्ख्या भावासारखा वाटतो. पण तीच गोळी शरीराचे तापमान सांभाळणारी यंत्रणा बिघडवते आणि दमल्याची जाणीव दाबून टाकते. बैल दमला की बसतो. इथे माणूस बसतच नाही. ताप ४० अंशांच्या वर जातो, स्नायू विरघळू लागतात, मूत्रपिंडे बंद पडतात, रक्त गोठण्याची व्यवस्था कोलमडते. लंडनच्या विषबाधा केंद्रातले डॉ. जॉन हेन्री यांनी १९९२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये असे सात मृत्यू मांडले. गंमत म्हणा की संताप म्हणा, त्याच काळात काही क्लबवाले नळ बंद ठेवून पाण्याच्या बाटल्या विकत होते, अशा तक्रारी होत्या.

मग साहजिकच सल्ला निघाला : पाणी प्या, अधूनमधून थंड जागी बसा. सल्ला योग्यच होता. फक्त तोंडोतोंडी जाताना त्याचा दुसरा अर्धा भाग गळाला, आणि पाणी म्हणजे जणू उतारा, असे पोरांच्या डोक्यात बसले.

नोव्हेंबर १९९५. एसेक्समध्ये एका मुलीचा अठरावा वाढदिवस, तोही क्लबात नाही, राहत्या घरी. तिने एक गोळी घेतली. बरे वाटेना म्हणून ती पाणी पीत गेली. दीड तासाच्या आत साधारण सात लिटर! काही दिवसांत ती गेली. सगळ्या वर्तमानपत्रांनी 'एका गोळीचा बळी' म्हणून छापले, आणि तिचा फोटो देशभर भिंतींवर लागला. पण मृत्यूची चौकशी झाली तेव्हा वेगळेच समोर आले. ही गोळी शरीरात एक संप्रेरक वाढवते, त्यामुळे मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकत नाहीत. प्यालेले पाणी आतच साचते, रक्तातले सोडियम पातळ होते आणि मेंदू सुजतो. नुसत्या गोळीने ती बहुधा वाचली असती, नुसत्या पाण्यानेही वाचली असती, असे डॉ. हेन्रींचेच म्हणणे पडले.

आम्हांला हे प्रकरण महत्त्वाचे वाटते ते याचसाठी. एकच द्रव्य दोन उलट वाटांनी मारते. एकीत पाणी कमी पडते, दुसरीत जास्त होते, आणि बाहेरून दोन्ही माणसे सारखीच दिसतात : गोंधळलेली, झटके येणारी. या दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यांत तरुण मुलींचे प्रमाण जास्त आढळते. पुढे ब्रिटिश पत्रकांत मोजमाप आले : नाचत असाल तर तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास, तेही घोट घोट. 'पाणी प्या' या दोन शब्दांना हे शेपूट जोडायला एक जीव जावा लागला. भिंतीवरच्या फोटोने भीती दाखवली, पण पाण्याचे हे गणित काही त्यावर मावले नाही.

आता आपल्याकडे येऊ, कारण इथे आणखी एक घोटाळा आहे, नावाचा. मुंबईत 'एमडी' म्हणतात ते बहुतेक वेळा एमडीएमए नसतेच. ते असते मेफेड्रोन, ज्याला 'म्याऊ म्याऊ'ही म्हणतात. ते २०१५ मध्ये एनडीपीएसच्या यादीत आले. ते वेगळ्या कुळातले, त्याचा अंमल लवकर उतरतो, म्हणून रात्रीतून पुन्हापुन्हा घेतले जाते आणि हृदयावर ताण येतो. बातम्यांत दोन्ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी येतात. वाचणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही. पण मध्यरात्री रुग्णालयात मित्राला घेऊन आलेला मुलगा डॉक्टरांना 'एमडी' एवढेच सांगतो, आणि पुष्कळदा पोलिसांच्या भीतीने तेवढेही सांगत नाही. तिथे सलाईन लावायचे की पाणी तोडायचे, हे सोडियमचा रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टरांना अंदाजानेच ठरवावे लागते.