अदृश्य नायक आणि वरदानाची अट : 'मिस्टर इंडिया' या चित्रपटाविषयी

शेखर कपूर यांनी दिग्दर्शित केलेला 'मिस्टर इंडिया' हा हिंदी चित्रपट मे १९८७ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा जऊळका हे गाव अकोला जिल्ह्यात मोडत असे. वाशीम जिल्हा स्वतंत्र होण्यास अद्याप अकरा वर्षांचा अवधी होता. अकोल्याहून पूर्णेकडे जाणारा, जऊळक्यावरील लोहमार्गही त्या काळी मीटरगेजच होता. मुंबईत तयार झालेला चित्रपट अशा गावांच्या टापूत पोचे तो सावकाश आणि वळणावळणाने : प्रथम शहरातील चित्रगृहात, मग जत्रेतील तंबूत, पुढे व्हिडिओवर आणि अखेरीस दूरदर्शन संचावर. या वाटेने ज्यांच्यापर्यंत तो आला, त्यांतील बहुतेकांनी एच. जी. वेल्सचे नावही ऐकलेले नव्हते. तरीही अदृश्य होणारा मनुष्य म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. या चित्रपटाची गोडी एवढा काळ टिकली तिचे मूळ या वस्तुस्थितीत शोधले पाहिजे.

कथानक सर्वपरिचित आहे. अरुण वर्मा हा गरीब तरुण अनाथ मुलांचा सांभाळ करतो. त्याच्या वैज्ञानिक पित्याने तयार केलेले, मनगटावर बांधावयाचे एक यंत्र त्याच्या हाती येते. ते धारण करताच तो दिसेनासा होतो, मात्र तांबड्या प्रकाशात किंवा तांबड्या काचेतून तो दिसतो. देश उद्ध्वस्त करू पाहणाऱ्या मोगॅम्बोशी तो या बळावर झुंजतो. सलीम-जावेद यांची पटकथा, श्रीदेवीचे नृत्य आणि अमरीश पुरी यांचा खलनायक यांचा लोकप्रियतेतील वाटा मोठा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु गाणी आणि खलनायक इतर शेकडो चित्रपटांतही होते, आणि ते चित्रपट विस्मृतीत गेले.

या कथेला वेल्सच्या कादंबरीचे अनुकरण म्हणण्याची प्रथा आहे. ते विधान अर्धेच खरे होय. १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द इनव्हिजिबल मॅन' या कादंबरीतील ग्रिफिन स्वतःच्या देहावरच प्रयोग करतो, त्याला पूर्वस्थितीत येता येत नाही, आणि तो दहशतीच्या राज्याची स्वप्ने पाहू लागतो. त्याचे कपडे दिसतात, म्हणून त्याला थंडीत उघडे फिरावे लागते. १९३३ च्या जेम्स व्हेल यांच्या चित्रपटानेही हीच शोकांतिका कायम राखली. 'मिस्टर इंडिया'त यांतील काहीच उरलेले नाही. येथे अदृश्यता देहात नाही, वस्तूत आहे; ती वस्तू पित्याकडून पुत्राकडे आली आहे, आणि तिच्या सामर्थ्याला एक नेमकी मर्यादा आहे. ही घडण वेल्सची नव्हे, वरदानाची आहे. हिरण्यकशिपूला दिवस-रात्र, घर-अंगण, मनुष्य-पशू अशा अटींचे कुंपण मिळाले आणि त्या कुंपणातील फटीतूनच नरसिंह प्रकट झाला. रामायणातील इंद्रजित तर प्रत्यक्ष अदृश्य योद्धाच आहे. निकुंभिलेतील यज्ञात विघ्न येताच त्याचे सामर्थ्य ढळते. तांबडी काच ही मोगॅम्बोच्या हातातील निकुंभिला होय. चित्रपटात ती प्रथम दिसते त्या क्षणीच, तिचा उपयोग पुढे शत्रू करणार, हे कीर्तन ऐकत वाढलेला श्रोता ओळखतो. त्याची उत्कंठा 'काय होईल' याची नसून 'केव्हा होईल' याची असते. आणि अशी उत्कंठा दहाव्या वेळीही शिळी होत नाही.

हा केवळ आशयाचा योगायोग नव्हे. तंत्राच्या इतिहासातही हीच वंशावळ आढळते. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) पूर्वी रोपट्याची वाढ टिपणारा एक लघुपट तयार केला होता. दिवसांचा काळ क्षणांत आणणारी ही करामत वैज्ञानिक निरीक्षणातून आली, आणि पुढे 'लंकादहन' (१९१७) व 'कालियामर्दन' (१९१९) यांतील चमत्कारांच्या कामी अशाच करामती आल्या. फाळके स्वतः जादूचे प्रयोगही करीत. आपले आडनाव उलटे करून घेतलेले 'प्रोफेसर केळफा' हे त्यांचे रंगमंचावरील नाव होते. पुढे विजय भट्ट यांच्या 'ख्वाब की दुनिया' (१९३७) या अदृश्य मनुष्यावरील चित्रपटात बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून दाखविल्या, आणि 'काला धागा' हेच त्यांचे टोपणनाव झाले. तेच मिस्त्री नंतर 'संपूर्ण रामायण' (१९६१) सारख्या पौराणिक चित्रपटांचे दिग्दर्शक म्हणून ख्यातनाम झाले. अदृश्य मनुष्य आणि पुराणपुरुष हे दोघेही एकाच कारागिराच्या दोऱ्यावर हलले, असे म्हणावयास हरकत नाही. 'मिस्टर इंडिया'तील दृश्यचमत्कार पीटर परेरा यांनी साकारले. संगणकनिर्मित प्रतिमांचे युग त्या वेळी आपल्याकडे उगवले नव्हते. हनुमंताची सुवर्णमूर्ती गुंडांना झोडपते आणि ते भयाने बजरंगबलीचा जयघोष करतात, हा प्रसंग या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. मूर्तीमागे यंत्रधारी अरुण आहे हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, गुंडांना नाही. विज्ञान आणि चमत्कार एकाच चौकटीत, एकमेकांना न खोडता, उभे राहतात.

एक फरक मात्र मूलगामी आहे. इंद्रजित आणि ग्रिफिन हे दोघेही आक्रमक. अदृश्यता त्यांच्या हाती शस्त्र म्हणून येते. 'मिस्टर इंडिया'ने ती प्रथमच भाडे थकलेल्या, सत्तेच्या दृष्टीने कधीच न दिसणाऱ्या मनुष्याला दिली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, कारण 'मिस्टर एक्स' (१९५७) आणि 'मिस्टर एक्स इन बॉम्बे' (१९६४) येऊन गेले होते. परंतु नायकाच्या दारिद्र्याशी आणि त्याच्या नावात देशाच्या नावाशी तिची सांगड इतकी घट्ट येथेच बसली. मराठीत 'दिसणे' या क्रियापदाचा कर्ता पाहणारा नसून पाहिली जाणारी वस्तू असते. पाहणारा चतुर्थीत जातो. वऱ्हाडीत 'मले तो दिसत नाही' असे म्हणताना न दिसण्याचा भार वाक्यरचनेत 'तो'वर पडतो, पाहणाऱ्यावर नाही. गरीब माणूस साहेबाला दिसत नाही, या नित्याच्या तक्रारीत हीच रचना आहे. चित्रपटाने ती तक्रार उलटी केली : न दिसणे हेच 'त्या'चे बळ ठरविले. १९८९ मध्ये तमिळ आणि कन्नड भाषांत त्याच्या आवृत्त्या निघाल्या, आणि कन्नड आवृत्तीने 'जय कर्नाटका' या नावात देशाच्या जागी प्रांत घातला, यावरून ही सांगड किती सहज स्थलांतरित होते ते दिसते.

या लाभाची किंमतही मोजावी लागली आहे. यंत्र कसे चालते, हा प्रश्न चित्रपटात कोणी गांभीर्याने विचारीत नाही. शोधक पिता निष्पाप आणि दिवंगत असल्यामुळे वैज्ञानिकाच्या जबाबदारीचा, म्हणजे वेल्सच्या मुख्य चिंतेचा, विषयच मिटतो. ती चिंता मराठीत कागदावर जिवंत राहिली. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून घेतलेल्या 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठविली. (फाळक्यांचा 'केळफा' येथे आठवल्यावाचून राहत नाही.) त्यांच्या कथेत निसर्गनियमाला अपवाद नाही, म्हणून त्यात वरदान नाही आणि वरदानातील फटही नाही. 'यक्षांची देणगी' या संग्रहाचे शीर्षक यक्षांचे असले तरी त्यातील विचार प्रयोगशाळेचा आहे. मराठी पडद्याने मात्र या कथांकडे क्वचितच पाहिले.

जऊळक्याच्या पश्चिमेस लोणारचे सरोवर आहे. लवणासुराचा वध विष्णूने तेथे केला अशी कथा आहे, आणि दैत्यसूदनाचे मंदिर गावात उभे आहे. बसाल्ट खडकातील ते विवर उल्काघाताने झाले, हे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने काचेचे व धक्क्याने विकृत झालेल्या खनिजांचे पुरावे देऊन दाखविले. त्या परिसरात दोन्ही वृत्तांत सांगितले जातात, आणि ऐकणारा त्यांपैकी एकाची निवड करण्याची घाई करीत नाही.