पातूर नामफलक प्रकरण

अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूत लिहिलेल्या नावावरून उद्भवलेला वाद. पातूर हे तालुक्याचे ठिकाण. गावालगत टेकडीत कोरलेली लेणी आहेत आणि गावात शहा बाबू ऊर्फ शेख बाबूंचा दर्गा. जुन्या सरकारी कागदांत गावाचे नाव 'पातूर शेख बाबू' असेही आढळते.

एका माजी नगरसेविकेने पाटीवरील उर्दूला हरकत घेतली. उर्दूचा वापर 1956 पासून होत आला आहे आणि उर्दू जाणणारे रहिवासीही मोठ्या संख्येने आहेत, असे म्हणत नगरपरिषदेने फेब्रुवारी 2020 मध्ये बहुमताने हरकत फेटाळली. मग 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी पूर्ण मराठी वापराचा आदेश दिला. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी तो एप्रिल 2021 मध्ये रद्द केला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही नगरपरिषदेच्या बाजूने कौल दिला. दरम्यान 2022 मध्ये स्थानिक संस्थांच्या राजभाषेचा कायदा आला, म्हणून सर्वोच्च न्यायालयातून प्रकरण एकदा परत नागपूरला आले. अखेर 15 एप्रिल 2025 रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांच्या सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने नगरसेविकेचे अपील फेटाळले.

निकालाचा पाया साधा आहे. 2022 चा कायदा मराठीची सक्ती करतो, पण सोबतीला दुसरी भाषा लिहायला मनाई करत नाही. पाटीचे काम लोकांना कळवण्याचे, आणि वरची ओळ तर मराठीच होती. उर्दू संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आहे, ती याच भूमीत जन्मली, आणि भाषा ही धर्माची नव्हे तर समाजाची व प्रदेशाची असते, असे न्यायालयाने स्पष्टपणे मांडले. लिपी दिसताच धर्म आठवावा, ही सवय न्यायालयाने येथे नेमकी ओळखली.

याचिका राजभाषेच्या कायद्यावर उभी होती, संविधानातील धर्मस्वातंत्र्याच्या कलमांवर नव्हे. तरीही हे प्रकरण धर्मनिरपेक्षतेच्या चर्चेत येते ते रास्तच आहे. राष्ट्रपती राजवटीबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1994 च्या बोम्मई निकालाने धर्मनिरपेक्षता संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग ठरवली. ती राज्यपालांच्या अहवालांत जितकी तपासली जाते, तितकीच घरपट्टी भरायला आलेल्या माणसाला कचेरीची पाटी वाचता येते का, इथेही तपासली पाहिजे. मात्र या निकालाने कोणत्याही नगरपरिषदेवर उर्दूची सक्ती केलेली नाही. पाटीवर मराठीबरोबर आणखी कोणती भाषा असावी, हे निवडून आलेल्या सभागृहानेच ठरवायचे आहे.