काळी ट्रंक आणि पंधरा किलो

लेहहून दिल्लीला जाणारी विमानं सकाळीच सुटतात, त्यामुळे काउंटरची रांगही पहाटेच लागते. गेल्या सुट्टीला निघालो तेव्हा माझ्या पुढे एक नाईक उभा होता. हातगाडीवर काळी लोखंडी ट्रंक, कडीला पितळी कुलूप, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. ट्रंक पट्ट्यावर चढली आणि काट्याने २६ किलो दाखवले. तिकिटावर होते १५. काउंटरवरच्या मुलीने हिंदीत शांतपणे सांगितलं, ११ किलोंचे पैसे भरा किंवा सामान कमी करा. नाईक बाजूला झाला, जमिनीवर बसला आणि ट्रंक उघडली. आत पूर्ण शिस्तीत घडी घातलेला संसार होता: जर्दाळूची पाकिटं, लोकरी शाल, कॅन्टीनचा मिक्सर, मुलीसाठी खोक्यातले बूट.

माझा नंबर आला. माझी बॅग भरली १२ किलो. माझ्याकडे त्या कंपनीचं सोनेरी कार्ड असल्याने मला पंधरावर आणखी किलो फुकट होते. तिने बॅगेला ‘प्रायॉरिटी’चा टॅग बांधला. मला त्या जादा किलोंपैकी एकही नको होता, आणि ज्याला हवे होते तो चार पावलांवर जमिनीवर बसून मिक्सरचं भांडं हातात तोलत होता.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. सैन्याने सामानाचा हिशोब विमान कंपन्यांच्या किती तरी शतकं आधी मांडलेला आहे, आणि आपल्या मराठी इतिहासात त्याची दोन टोकाची उदाहरणं आहेत.

पहिलं सभासदाच्या बखरीतलं. जिंजीला राजाराम महाराजांच्या काळात कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींच्या लष्कराची रीत लिहून ठेवली. पावसाळा छावणीत, दसऱ्याला फौज मुलुखगिरीला बाहेर. निघताना प्रत्येकाजवळ काय काय आहे त्याची यादी व्हायची. लष्करात बायका, बटकी, कलावंतिणी न्यायच्या नाहीत. आठ महिन्यांनी फौज परत आली की वेशीवरच झाडा घ्यायचा. यादीपेक्षा जास्त काही सापडलं तर ते सरकारजमा किंवा पगारातून वजा. ‘झाडा’ हा शब्द आज फक्त ‘झाडाझडती’त उरलाय, पण एअरपोर्टवरच्या काट्याचा पूर्वज मला तोच वाटतो. एक फरक मात्र आहे. तो झाडा लुटीचा हिशोब राखण्यासाठी होता, आणि फौज हलकी राहणं हा त्याचा मोठा फायदा. घाटवाटांच्या मुलखात जो दिवसाला जास्त कोस चालतो तो जिंकतो, हे त्या यादीमागचं गणित.

दुसरं टोक सगळ्यांना माहीत आहे. १७६० साली सदाशिवरावभाऊंची फौज उत्तरेला निघाली तेव्हा बरोबर बाजारबुणगे, यात्रेकरू, सरदारांचे कुटुंबकबिले होते. लढणाऱ्यांपेक्षा न लढणाऱ्यांची संख्या मोठी. सूरजमल जाटाने सल्ला दिला होता की जड सामान आणि बायकामुलं मागे सुरक्षित किल्ल्यांत ठेवा आणि सडे होऊन पुढे जा. तो मानला गेला नाही. ऑक्टोबरच्या शेवटी अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीची वाट तोडली. पुढचे अडीच महिने पानिपतच्या छावणीत लाखाच्या घरातली तोंडं होती आणि रसद येईना. १४ जानेवारी १७६१ ला गोल बांधून बाहेर पडायचं ठरलं, कारण बुणग्यांना मध्ये घेऊन हलायचं तर दुसरी रचना शक्यच नव्हती. भाऊसाहेबांना दोष देणं सोपं आहे. एनडीएत आम्हीही तावातावाने दिला होता. पण रसदीचं काम स्वतः केल्यावर कळतं की एकदा सोबत घेतलेला माणूस शत्रूच्या मुलखात ‘आता तू परत जा’ म्हणून सोडता येत नाही. सामान कमी करायचं ते निघताना.

इंग्रजांनी यातून काही धडा घेतला असं दिसत नाही. १८३८ च्या अखेरीस ‘आर्मी ऑफ द इंडस’ काबूलच्या मोहिमेवर निघाली, तेव्हा बंगालच्या तुकडीत सुमारे ९,५०० सैनिक, ३८,००० नोकरचाकर आणि ३०,००० उंट होते. एका ब्रिगेडियरचं सामान ६० उंटांवर होतं आणि एका पलटणीच्या अधिकाऱ्यांनी दोन उंट नुसते चिरुटांसाठी ठेवले होते, असं सांगतात. सोळाव्या लान्सर्सनी कोल्ह्यांच्या शिकारीसाठी कुत्र्यांचा जथा नेला. बोलन खिंडीत उंट पटापट मेले आणि सामान दगडांत पडून राहिलं. साध्या शिपायाची मात्र पाठीवर मावेल तेवढीच मालमत्ता. पुढे सिंधमध्ये चार्ल्स नेपियरने या प्रकाराला कंटाळून उंटांचं स्वतंत्र ‘बॅगेज कोअर’ उभं केलं.

पदाप्रमाणे वजन ही कल्पना तेव्हापासून आपल्या फायलींत मुरलेली आहे. केंद्र सरकारच्या बदलीच्या नियमांत आजही वेतनस्तर चार आणि त्याखाली १,५०० किलो, स्तर पाचला ३,००० आणि सहापासून वर सगळ्यांना ६,००० किलो घरसामान नेता येतं. फौजेच्या भाषेत, शिपाई आणि नाईक दीड टन, हवालदार तीन टन. रेल्वेतही तसंच: एसी फर्स्टला ७० किलो फुकट, स्लीपरला ४०, साध्या सेकंड क्लासला ३५. फक्त रेल्वेत कुणी वजन करत नाही, म्हणून आपल्याला नियम आहे हेच ठाऊक नसतं. झेलम एक्स्प्रेसने पुण्याहून जम्मूला गेलेल्यांनी बर्थखाली किती ट्रंका मावतात ते पाहिलेलं आहे.

विमानात मात्र वजन पहिल्या दिवसापासून मोजलं गेलं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी पस मॉथ विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला आणलं. त्यात होती सुमारे २५ किलो टपाल. एका इंजिनाच्या त्या विमानात प्रत्येक जादा किलो म्हणजे कमी पेट्रोल, आणि माणूस बसवायचा तर टपाल कमी. त्या काळात परदेशांत तर प्रवाशालाही सामानासकट काट्यावर उभं करत.

कायदाही किलोवरच उभा राहिला. १९२९ च्या वॉर्सा कराराने ठरवलं की नोंदवलेलं सामान हरवलं तर भरपाई प्रत्येक किलोमागे अडीचशे फ्रँक. म्हणून लगेजच्या पावतीवर वजन लिहिणं भाग पडलं. भारताने १९३४ च्या कायद्याने तो करार स्वीकारला. पुढे १९९९ च्या माँट्रियल कराराने किलोचा हिशोब सोडून दर माणशी एकच कमाल मर्यादा आणली. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग हरवली तर आठ किलोची होती की अठरा, याने मर्यादा बदलत नाही.

मग ठरलं ते जगभर चाललेलं सूत्र: पहिल्या वर्गाला ३० किलो, साध्या वर्गाला २०. दहा किलोंचा हा फरक विमानाच्या पंखांनी मागितलेला नव्हता, तो तिकिटाच्या किमतीचा होता. अमेरिकेच्या मार्गांवर किलोऐवजी नग मोजायची पद्धत आली, म्हणून आपले आत्या-मामा तिकडे जाताना २३ किलोच्या दोन बॅगा भरतात आणि घरातल्या काट्यावर चकलीचा डबा आत-बाहेर करतात. एका बॅगेची वरची मर्यादा बहुतेक ठिकाणी ३२ किलो. कारण ती उचलणारा लोडर माणूस आहे, त्याच्या पाठीसाठी. या सगळ्या आकड्यांत मला सर्वांत सरळ वाटणारा आकडा हाच.

कार्डाची गोष्ट याच्यानंतरची. १९७८ साली अमेरिकेने विमानभाड्यावरचं सरकारी नियंत्रण उठवलं. भाडी कोसळली, प्रवासी आज या कंपनीकडे तर उद्या त्या. गिऱ्हाईक बांधून ठेवायला अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ ला ‘एअॅडव्हांटेज’ सुरू केलं: जितके मैल उडाल तितके जमा, पुरेसे जमले की फुकट तिकीट. आठवड्याभरात युनायटेडनेही तेच केलं. आरक्षणाच्या संगणकातून नेहमीचे प्रवासी कोण ते कंपनीला आधीच कळत होतं, म्हणून हे जमलं. थोड्याच वर्षांत मैलांबरोबर दर्जे आले: चांदी, सोनं, प्लॅटिनम. सोप्या शब्दांत, कंपन्यांनी स्वतःची रँक निर्माण केली आणि खांद्याऐवजी ती पाकिटात ठेवायला दिली.

खरी मेख २००८ ची आहे. त्या वर्षी तेल बॅरलला १४७ डॉलरपर्यंत चढलं. अमेरिकन एअरलाइन्सने जूनमध्ये साध्या तिकिटावरच्या पहिल्याच बॅगेला १५ डॉलर लावले, आणि वरच्या दर्जाच्या कार्डवाल्यांना ते माफ केले. काल जे सगळ्यांना फुकट होतं ते आधी काढून घेतलं आणि मग त्यातलं काहींना ‘सुविधा’ म्हणून परत दिलं. तेव्हापासून कार्डावर छापलेल्या सवलती वाचताना मी एक प्रश्न विचारतो: यातलं किती आधी प्रत्येकाचं होतं?

भारतात ही स्वस्त विमानांची लाट ज्याने आणली तो आमच्याच एनडीएचा माणूस. कॅप्टन गोपीनाथ १९७१ च्या युद्धात होते, फौज सोडून शेती केली, आणि ऑगस्ट २००३ मध्ये एअर डेक्कनचं पहिलं विमान हुबळी-बंगळूर मार्गावर उडवलं. पाणीही विकत, पण तिकीट रेल्वेच्या तोडीचं. त्या विचारातूनच पुढे इथली भाडी सुटी झाली: सीट वेगळी, जेवण वेगळं, सामान वेगळं. खासगी कंपन्यांत २० किलोचे १५ झाले. २०२१ पासून तर फक्त हातातली सात किलोची बॅग नेणाऱ्याला आणखी स्वस्त तिकीट द्यायची मुभा आहे. मी याला सरसकट वाईट म्हणणार नाही. माझ्या पहिल्या पोस्टिंगच्या काळात जवान विमानाने सुट्टीला जाईल असं कुणी म्हटलं असतं तर मेसमध्ये हसले असते. सुट्टीचे चार-पाच दिवस गाडीत जायचे. आज तो सकाळी लेह, रात्री घरी. पंधरा किलोंची ती किंमत आहे.

आणि लेहच्या बाबतीत एक कबूल केलंच पाहिजे. इथे वजन हा नुसता धंद्याचा डाव नाही. धावपट्टी साडेदहा हजार फुटांहून उंच. हवा विरळ, म्हणून पंखांना उचल कमी आणि इंजिनाला जोर कमी. ऊन चढलं की हवा आणखी पातळ होते आणि दुपारी वारा सुटतो, म्हणून उड्डाणं सकाळची. गरम दिवशी विमान जागा रिकाम्या ठेवूनही निघतं. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी सोनम नोर्बूंनी तयार केलेल्या इथल्या कच्च्या पट्टीवर पहिलं डाकोटा उतरवलं, शेजारी जनरल थिमय्या. पुढे त्याच वाटेने कुमक आली आणि लेह वाचलं. तेव्हा प्रत्येक किलो हा गोळी की पीठ असा सवाल होता.

पण मग त्याच विरळ हवेत माझ्या कार्डाचे जादा किलो कसे चालतात? कारण पंधराची रेघ विमान पाडत नाही, ती पैसे वसूल करते.

माझ्या कार्डाचीही एक अडचण आहे. अर्थ मंत्रालयाचा आदेश स्पष्ट आहे: सरकारी प्रवासात जमलेले मैल सरकारी प्रवासालाच वापरायचे, खासगीला वापरले तर कारवाई. मैलांचं मी ते पाळतो. पण त्या उड्डाणांनी वाढलेला दर्जा? जादा किलो, लाउंज, टॅग? त्याबद्दल तो आदेश बोलत नाही. ड्यूटीवर उडून मिळालेलं सोनं मी सुट्टीत मिरवतो. आणि ड्यूटीवर तो नाईक माझ्यापेक्षा कमी फिरलेला नाही. तो ट्रकने, कॉन्व्हॉयने आणि पायी फिरला. त्याचे मैल कुणी जमा केले नाहीत.

मी त्याच्याजवळ गेलो. “कुठला तू?”

तो ताडकन उभा राहिला. “दहिवडीजवळचा, साहेब.”

“सैनिकांच्या सवलतीचं तिकीट का नाही काढलंस? त्यात बऱ्याच कंपन्या जास्त किलो देतात.”

“मेव्हण्यानं काढलं साहेब मोबाइलवर. सगळ्यात स्वस्त बघून.”

हेच नेहमी होतं. ती सवलत तिकीट काढतानाच निवडावी लागते. काउंटरवर ओळखपत्र दाखवून मिळत नाही. माझे जादा किलो त्याला देता येतात का, असं मी त्या मुलीला विचारलं. दोघांचं तिकीट एकाच बुकिंगवर असतं तर बघता आलं असतं, म्हणाली. त्याची वस्तू माझ्या बॅगेत टाकणं हा प्रश्नच नव्हता. दुसऱ्याचं सामान घेऊ नका, हे मीच दर दरबारात जवानांना सांगतो. पैसे भरतो म्हणालो तर तो संकोचला.

“नको साहेब. वजन सामानाचं नाहीच. ट्रंकच नऊ किलोची आहे.”

त्याने ट्रंकेच्या तळातून घडी केलेली किटबॅग काढली. सगळं तिच्यात भरलं, शाल गळ्याभोवती घेतली, जाड जॅकेट अंगात चढवलं आणि जर्दाळूची दोन पाकिटं खिशांत कोंबली. काट्यावर १५ किलो २०० ग्रॅम. मुलीने वर न बघता टॅग बांधला.

रिकामी ट्रंक त्याला सोडायला आलेल्या ड्रायव्हरकडे परत गेली. गाडीत ठेवताना झाकणावरचा रंग जवळून दिसला. ‘नाईक’च्या खाली ‘लान्स नाईक’ पुसलेलं होतं, आणि त्याच्याही खाली ‘सिपाही’.

दिल्लीला माझी बॅग टॅगप्रमाणे पहिल्या पाचात आली. त्याची किटबॅग यायला आणखी वीस मिनिटं लागली. जॅकेट काखेत मारून तो घाम पुसत उभा होता, आणि पुण्याच्या विमानाला दोघांनाही अजून वेळ होता.