रंगाआधीची भिंत

यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातील तेराव्या अध्यायात खोट्या संदेष्ट्यांना कच्च्या भिंतीवर चुना फासणाऱ्यांची उपमा दिलेली आहे. पाऊस कोसळला की भिंत ढासळते आणि वरचा चुना कामास येत नाही. ख्रिस्ती चित्रकलेच्या इतिहासातील दोन भिंती या दृष्टान्ताला वेगवेगळ्या परीने साक्ष देतात. त्यांची हकिकत आपण पाहू.

मध्ययुगीन इटलीत भित्तिचित्राची सुरुवात रंगाने नव्हे, गवंड्याच्या थापीने होत असे. प्रथम भिंत पाण्याने भिजवायची, मग जाडसर गिलावा द्यायचा. त्यावर बारीक चुन्याचा थर एका दिवसात रंगवून होईल तेवढाच चढवायचा व तो ओला असतानाच रंग भरायचा. इ. स. १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने आपल्या ग्रंथात दोन भाग वाळूस एक भाग चुना असे प्रमाण दिले आहे. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी बनतो आणि रंग त्या दगडातच बंदिस्त होतो. चित्र भिंतीवर राहत नाही, ते भिंतच होऊन जाते.

लिओनार्दो दा विंची यास ही घाई मानवणारी नव्हती. मिलान येथील डोमिनिकन मठाच्या भोजनगृहात १४९५ ते १४९८ या काळात त्याने ‘शेवटचे भोजन’ रंगविले. पुन:पुन्हा हात फिरविता यावा म्हणून त्याने कोरड्या भिंतीची निवड केली. तिच्यावर अस्तर दिले, त्यावर शिसपांढऱ्याचा पातळ हात दिला आणि मग रंग भरले. अस्तर नव्हते असे नाही, परंतु ते त्या ओलसर भिंतीशी एकजीव झाले नाही. १५१७ मध्येच एका प्रवाशाने चित्र बिघडू लागल्याची नोंद केली. पुढे वासारी या चरित्रकाराला तेथे केवळ डागांचा पसारा दिसला. १६५२ मध्ये मठवासीयांनी त्याच भिंतीत दार फोडले, त्यात प्रभू येशूची पावले गेली. १९४३ च्या बॉम्बवर्षावात भोजनगृह उद्ध्वस्त झाले, पण वाळूच्या पोत्यांच्या आधाराने ती भिंत तगली. १९७८ ते १९९९ अशी एकवीस वर्षे पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन या विदुषीने त्या चित्राचे कण कण सांभाळले.

दुसरी भिंत रोमच्या सिस्टीन चॅपेलमधील. पोप तिसरे पॉल यांच्या काळात तेथे ‘अंतिम न्याय’ रंगवायचा होता. वासारी सांगतो की, सेबास्तियानो देल पिओंबो या चित्रकाराने पोपमहाशयांचे मन वळवून भिंत तैलरंगासाठी तयार करवून घेतली. साठी गाठलेल्या मायकेल अँजेलोने तो सारा थर खरवडून काढावयास लावला, चुन्याचा नवा गिलावा देवविला आणि १५३६ मध्ये कामास आरंभ केला. तयार भिंत मोडण्याचा खर्च व विलंब त्याने पत्करला. १५४१ मध्ये चित्राचे अनावरण झाले. आज पावणेपाचशेहून अधिक वर्षांनंतरही ते भिंतीला घट्ट धरून आहे.

दोघेही अलौकिक प्रतिभेचे धनी होते. फरक पडला तो दृष्टीआड राहणाऱ्या थरामुळे.

या इतिहासाचा आपल्याशीही निकटचा संबंध आहे. वसई-मुंबई पट्ट्यातील व गोव्यातील आपली जुनी चर्चे दगड-चुन्याची आहेत. चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल शोषते आणि उन्हाळ्यात ती बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा व तेलाचा रंग चढविला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. मग सणाच्या तोंडावर पुन्हा नवा हात मारला जातो. वेदीमागची भिंत झळकावी म्हणून देणगी देणारे आपल्यात पुष्कळ आहेत. जुना गिलावा खरवडण्यासाठी, गळती बुजविण्यासाठी, चुना मुरविण्यासाठी देणगी देणारे विरळाच, कारण त्या कामावर नावाची पाटी बसत नाही.

पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या जतन केलेली भिंत आपल्या हाती आली आहे. तिला रंग देण्यापूर्वी ती कशाची बनली आहे हे जाणत्या गवंड्यास विचारावे आणि तिला मानवेल तेच अस्तर द्यावे. सण एक वर्ष साध्या भिंतीपुढे साजरा झाला, तरी प्रभूची हरकत असणार नाही.